प्रार्थनेत सुटलेला मचवा

पनवेल,
सोमवार, दिवेलागण

तीर्थरूप काशिराममामांस,

भाचा दयाराम याचा प्रभूमध्ये मनापासून सलाम. आम्ही सगळे येथे देवाच्या कृपेने आणि चंद्रावतीच्या काढ्याने बरे आहोत. (कृपा गोड असते, काढा नसतो, एवढाच फरक.) आपल्या गुडघ्याची चिंता लागून राहिली आहे. नगरला अजून सकाळी गारवा असेल, तेव्हा पायांत मोजे घालत जावे. नवी कवळी आता नीट बसली का? आपण लिहिलं होतं की ती लावली की गाता येत नाही आणि काढली की भाकरी चावता येत नाही. म्हणून रविवारी कवळी डबीत आणि इतर वारी तोंडात, अशी आपण वाटणी केली आहे. वाचून चंद्रावती मला म्हणाली, "बघा, मामांनी दातांनासुद्धा रविवार पाळायला लावला." हा टोला मला होता, दातांना नव्हता.

आपण प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच विचारता, "रविवारची उपासना चुकत नाही ना?" आणि मी प्रत्येक उत्तरात एकच लिहितो, "आपल्या आशीर्वादाने ठीक आहे." हे खोटं नाही, पण हे उत्तरही नाही. उभा जन्म मिशनच्या शाळेत पेपर तपासण्यात घालवलेल्या माणसाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. तेव्हा आज सविस्तर उत्तर लिहितो. कारण काल जे घडलं ते पाळकसाहेबांच्या तोंडून आपल्या कानावर जाणारच आहे, आणि पाळकसाहेब गोष्ट सांगताना तिला मथळा, तीन मुद्दे आणि बोध लावतात. त्याआधी माझ्या तोंडून गेलेली बरी.

आपल्याला इथली मंडळी ठाऊक आहे. दवाखान्यातली नर्स, दोन मास्तर, एक एस. टी. कंडक्टर, त्यांची बायकापोरं, गुणाबाई आजी, आणि उरलेला सगळा माझा ब्रास बँड. क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, झांजा आणि मोठा ढोल (म्हणजे आमचा शमुवेल, जो ढोलापेक्षा थोडाच लहान आहे) ही आमची गायनमंडळी, मंडळीचा कारभार पाहणारे पंचही हेच आणि बाकं लावायलाही हेच. कॉर्नेट मी वाजवतो, आपण शिकवलेलं आणि आपणच दिलेलं. देताना आपण म्हणाला होता, "सहा दिवस पोटासाठी वाजव, सातव्या दिवशी देवासाठी." मी त्या वेळी सोळा वर्षांचा होतो, मान डोलावली. पण मामा, आपण शिक्षक, आपल्याला सुट्टी रविवारची. बँडवाल्याला काम रविवारचं! पूर्वी इकडची लग्नं कोणत्याही वारी व्हायची. आता घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, त्याला सुट्टी रविवारी, म्हणून सगळे मुहूर्त फिरून फिरून रविवारवरच येऊन बसतात. पंचांग करणाऱ्यांना कारखान्यांची सुट्टी कशी कळते हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

त्यावर मी काही उपाय करून पाहिले. प्रथम उपासना नवाची सातावर आणली. कारण दिलं की प्रभू स्वतः पहाटे उठून प्रार्थना करत असे. सातला मास्तरांची पोरं आंघोळीवाचून यायची आणि पहिल्या गीतातच जांभया द्यायची, म्हणून मग ती रविवारी संध्याकाळी नेली. संध्याकाळी बँड वरातीत. मग मी सुचवलं की शनिवारी रात्री करू, कारण शास्त्राप्रमाणे दिवस संध्याकाळपासूनच धरतात. हा मुद्दा मी आमच्या शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, तेलवाल्याकडून उचलला होता. पण चंद्रावतीने तोच धरून मला कोंडीत पकडलं. ती म्हणाली, "तो शेजारी त्याच्या शनिवारच्या शब्बाथाला घाण्याला हात लावत नाही, दुकानाची फळी उघडत नाही. त्याचं तेल काही कमी विकलं जात नाही. तुम्ही त्यांचा वार उचलता, त्यांची फळी का नाही उचलत?" यावर मी म्हणालो की मला कॉर्नेटला पॉलिश करायचंय. मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईशी लग्न करू नये असं आपण मला वेळेवर सांगायला हवं होतं.

ह्या सगळ्या हलवाहलवीचा परिणाम असा झाला की उपासना कधी आहे हेच कोणाला कळेना. दोन महिन्यांनी अलिबागहून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला आले, तर आम्ही उपासना भरवतो त्या शाळेच्या खोलीत गुणाबाई आजी, नर्स आणि चंद्रावती. बँड खालापूरला. पाळकसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पुढच्या खेपेला बाकं अशीच रिकामी असतील तर पनवेलची उपासना बंद करावी असं मला कमिटीला लिहावं लागेल. ज्यांना यायचं ते अलिबागला येतील." गुणाबाई आजींना घरातून विहिरीपर्यंत जायला दोनदा बसावं लागतं. त्या अलिबागला कशा जाणार? चंद्रावतीने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला शब्द दिला की पुढच्या खेपेला बँडसकट सगळी मंडळी हजर करीन. पुढची खेप म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचा, झावळ्यांचा रविवार. कालचा.

आणि मामा, दुसऱ्याच आठवड्यात उलव्याचे बुधाजी पाटील माझ्या दारात! हे नाव आपण नगरला ऐकलं नसेल, पण खाडीच्या ह्या काठाला मिठागरवाला बुधाजी म्हटलं की लोक पान थुंकून बोलतात. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न. त्या लग्नात ज्याचा बाजा वाजेल त्याला पनवेल ते उरण पुढची पाच वर्षं दुसऱ्या कोणाकडे बघायची गरज नाही. कल्याणचा एक बँड त्यांच्याकडे खेपा घालतच होता. तरी बुधाजींनी मला विचारलं, कारण त्यांच्या बायकोला माझ्या बँडचे लाल कोट आवडले. वार कोणता? रविवार. कोणता रविवार? आपण ओळखलंच. मी "हो" म्हणालो. घरात काही बोललो नाही. त्या दिवशी काढा मुकाट्याने दोनदा प्यालो, त्यावरूनच चंद्रावतीला संशय आला असावा.

आता माझी युक्ती ऐका. (आपण ती वाचताना कवळी काढून ठेवावी, हसताना पडेल.) उलव्याला बँड जायचा तो खाडीने, काळूराम तांडेलाच्या मचव्यातून, सकाळच्या भरतीवर. लग्न गोरज मुहूर्तावर, पण दुपारपासून वाजवायचं होतं. झावळ्यांच्या रविवारी आपल्याकडे मिरवणूक असतेच. दरवर्षी ती शाळेला एक वळसा घालून परत शाळेत येते. मी पाळकसाहेबांना लिहिलं की यंदा मिरवणूक बंदरापर्यंत न्यावी, सगळ्या गावाला साक्ष होईल, शेवटचा आशीर्वाद धक्क्यावर द्यावा. म्हणजे उपासना झाली, मंडळी भरली, बँड वाजला, आणि आशीर्वाद संपताच बँड एका उडीत मचव्यात! पाळकसाहेब खूश, बुधाजी खूश, आणि ह्याला ते माहीत नाही, त्याला हे माहीत नाही. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाने आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावं, ही म्हण कोणीतरी करायला हवी होती.

काल सकाळी सगळं इतकं छान जुळलं की मलाच भीती वाटली. बँड लाल कोटात, जरीच्या पट्ट्या लावून, उपासनेला वेळेच्या आधी हजर. पाळकसाहेब शाळेच्या दारात थबकले. म्हणाले, "दयारामराव, प्रभूच्या स्वागताला तुम्ही पूर्ण पोशाखात आलात!" मी खाली मान घातली. त्याला त्यांनी नम्रता समजलं. मिरवणूक निघाली. पुढे पांढऱ्या झग्यात पाळकसाहेब, मागे आम्ही, मागे झावळ्या हलवत मंडळी. बाजारपेठेतून जाताना माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहिली. मी मनात हिशेब करत होतो, एक गीत, एक छोटी प्रार्थना, आशीर्वाद आणि उडी.

धक्क्याला पोचलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. बुधाजींनी मचवा सजवून पाठवला होता! डोलकाठीला झावळ्या, काठाला झावळ्या, पुढे आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण. आपल्या इज्जतीला साजेसा बँड आणायचा म्हणजे वाहनही तसंच हवं, असा त्यांचा विचार. पाळकसाहेबांनी मचव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मचव्याकडे पाहिलं. म्हणाले, "प्रभूने तारवात बसून लोकांना शिकवलं. तुम्ही त्याची आठवण ठेवलीत!" आणि झगा वर धरून ते मचव्यात उतरले. त्यांच्यामागे मंडळी. शमुवेलने गुणाबाई आजींना उचलून आत ठेवलं. शेवटी चंद्रावती उतरली आणि उतरताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या क्षणी कळलं, हिला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे.

तरीही वेळ गेली नव्हती. मचवा धक्क्याला बांधलेला होता. मी ठरवलं की उपासना मचव्यात होऊ दे, मग मंडळी उतरवू आणि आम्ही जाऊ. पाळकसाहेब उभे राहिले, म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. मामा, लांब प्रार्थनेत आपला हात धरणारा कोणी नाही असं मी समजत होतो. (आपल्या भोजनाआधीच्या प्रार्थनेत मामींच्या भाकऱ्या वातड व्हायच्या.) पण पाळकसाहेब आपल्यालाही भारी आहेत. पनवेलसाठी, कुलाबा जिल्ह्यासाठी, देशासाठी, पाटबंधाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, अधिकाऱ्यांसाठी, असं एकेक घेत ते चालले होते. तेवढ्यात मला पायाखाली हलल्यासारखं वाटलं. मी डावा डोळा किंचित उघडला. काळूराम तांडेल दोर गुंडाळत होता! त्याने झावळ्या, बाजा, नटलेली माणसं पाहिली आणि हे सगळं वऱ्हाड आहे असं समजून, पाणी उतरायच्या आत मचवा सोडला. धक्का दोन हात लांब गेला, मग चार हात. मला ओरडायचं होतं. पण ओरडलो असतो तर माझे डोळे उघडे होते हे सिद्ध झालं असतं! मी पंच आहे मामा. मी डोळा मिटला आणि आयुष्यात प्रथमच मनापासून प्रार्थना केली की ही प्रार्थना लवकर संपू दे.

ती संपली तेव्हा पनवेल दिसेनासं झालं होतं. "आमेन" म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले. दोन्ही बाजूंना तिवरं आणि मध्ये पाणी. गुणाबाई आजींनी, ज्यांना ऐकू कमी येतं पण आशा पुष्कळ आहे, आनंदाने विचारलं, "आलं का अलिबाग?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. दुसरा इलाज नव्हता, पोहता मला येत नाही. पाळकसाहेब ऐकत होते. मी काळूरामला म्हटलं, "मचवा फिरव, ह्यांना पनवेलला सोडू." काळूरामने वल्हं पाण्यात खुपसून दाखवलं. ते वीतभर जाऊन थांबलं. "कंचा फिरवू?" तो म्हणाला. "मानसा ज्यास्त भरली. सुकती लागली, मचवा चिखलान बसला. आता भरती येल तवा." भरती येणार ती सांजेला. समोर उलव्याचा बांध दिसत होता, मांडवही दिसत होता, पण मध्ये जो चिखल होता त्यात पाय घातला तर माणूस कमरेपर्यंत आत. म्हणजे इकडे लग्न नाही, तिकडे पनवेल नाही. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं म्हणून हातात कॉर्नेट.

पाळकसाहेब हसले. रागावले नाहीत, हसले! म्हणाले, "दयारामराव, आता घाई नाही ना?" आणि त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं.

उन्हं चढली तशी आम्ही झावळ्या काढून डोक्यावर धरल्या. शमुवेल ढोलावर बसला, नर्स शमुवेलच्या सावलीत. पाळकसाहेबांनी शिंगराचा भाग वाचला, प्रभू ज्याच्यावर बसून यरुशलेमेत गेला ते गाढवाचं शिंगरू. उपदेश शिंगरावर नव्हता, शिंगराच्या धन्यावर होता. दोन अनोळखी माणसं येऊन दाव्याला बांधलेलं जनावर सोडतात, म्हणतात, प्रभूला याची गरज आहे. तो धनी काय रिकामटेकडा होता का? त्याला त्या जनावरावर कुठे ओझं न्यायचं नसेल? तो म्हणू शकला असता, "आज बाजार आहे, उद्या न्या. किंवा थोडं पहाटे या. किंवा शनिवारी रात्री." इथे पाळकसाहेब थांबले. कोणी हसलं नाही. सगळे झावळ्यांच्या आडून माझ्याकडे बघत होते. माझ्या लाल कोटाच्या आत घाम वाहत होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

उपदेश मोठा होता. कोणी उठून गेलं नाही, जाणार कुठे! पण मामा, तासाभराने एक चमत्कार झाला. चुळबुळ थांबली. पोरं आयांच्या मांडीवर झोपली. मास्तर, जे नेहमी उपदेशात वह्या तपासतात, गालाला हात लावून ऐकत होते. मग प्रभुभोजन झालं. कोणालाच पुढे कुठे जायचं नव्हतं, आणि त्यामुळे सगळे तिथेच होते. मला हे नीट सांगता येत नाही. एरवी आम्ही उपासनेत बसतो पण अर्धे बाहेर असतो.

नंतर गीतं म्हणायला सुरुवात झाली. आपण संध्याकाळी ओट्यावर म्हणायचा ते जुनं गीत गुणाबाई आजींनी धरलं. मी सवयीने कॉर्नेट तोंडाला लावलं. ते उन्हाने इतकं तापलं होतं की ओठ भाजला. म्हणून खाली ठेवलं, आणि गायलो. बँडवाल्याची ही एक गंमत आहे, सगळे गातात तेव्हा त्याचं तोंड कामात असतं. सोळाव्या वर्षापासून मी देवाच्या घरात वाजवत आलो, गायलो नव्हतो. दुसऱ्या कडव्याला मला रडू आलं. मी लपवलं नाही. चंद्रावतीने आपली झावळी माझ्या डोक्यावर धरली आणि काही बोलली नाही. (लग्नापासून असा प्रसंग हा पहिलाच.) मी सुखी झालो, मामा. खाडीच्या चिखलात, भुकेला, भाजलेल्या ओठाने, हातचं गिऱ्हाईक समोर उभं असताना, मी सुखी झालो.

मग ओठ जरा निवल्यावर आम्ही वाजवायलाही लागलो. संध्याकाळपर्यंत माहीत असलेली सगळी गीतं वाजवली, आणि उरलेला वेळ परत पहिल्यापासून. आम्हाला कळलं नाही, पण वारा उलव्याकडे वाहत होता. तिकडे बुधाजींचं वऱ्हाड जेवून बांधावर येऊन बसलं होतं आणि पाण्यातून येणारा बाजा ऐकत होतं!

भरती आली, मचवा उठला, आणि गोरज मुहूर्ताच्या तोंडावर आम्ही उलव्याच्या धक्क्याला लागलो. पुढे झग्यातले पाळकसाहेब, मागे झावळ्या घेतलेली मंडळी. मी खाली उतरून बुधाजींचे पाय धरणार होतो. त्यांनी मलाच मिठी मारली. "दयाराम! आमचे पोराचे लग्नाला दुपारपास्ना दर्यान बाजा वाजला! आसा कुनाकडं झाला नाय! आनि ही झावल्यांची पलटन, ह्यो पांढऱ्या झग्याचा बुवा, ह्ये तं तू बोललाच नव्हतास!" मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण पाळकसाहेबांनी माझा दंड दाबला आणि म्हणाले, "आम्ही सगळे पाहुणे आहोत, सकाळपासून उपाशी." त्यानंतर आम्हाला जे जेवायला मिळालं त्याचं वर्णन उपासाच्या आठवड्यात करणं बरं नव्हे. पोटभर खाऊन पाळकसाहेबांनी नवरानवरीसाठी प्रार्थना केली. बुधाजींनी आदराने डोळे गच्च मिटले. मी मात्र उघडे ठेवले. आता प्रार्थनेत आजूबाजूला काय सुटतं ते पाहावं लागतं.

तिथे हौसा नावाची धवलारीण होती. ह्या आगरी लोकांच्या लग्नात भटजीच्या जोडीला अशी एक बाई लागते. ती देवादिकांचे धवले गाऊन लग्न लावते. तिची आणि माझी जुनी भांडणं, कारण माझा बँड सुरू झाला की तिचे धवले कोणाला ऐकू येत नाहीत. पाळकसाहेब तिला म्हणाले, "बाई, ह्याच्या बँडापुढे माझं मंदिरही असंच रिकामं पडतं." दोघांचं इतकं जमलं की विचारू नका. ती त्यांना म्हणाली, "तुमची युक्ती बरी हाय, बुवा. मानसा मचव्यान बसवायची नि चिखलान रुतवायची. मी गाया लागली का निम्मी उठून जातान." पाळकसाहेब ही युक्ती कमिटीला कळवणार आहेत.

आज सकाळी त्यांना एस. टी.वर पोचवायला गेलो. म्हणाले, "पनवेलची उपासना चालू राहील. इतकी भरलेली मी कुलाबा जिल्ह्यात पाहिली नाही. पण दयारामराव, पुढच्या खेपेला जमिनीवर भरवा." आणि दुपारी लगेच परीक्षाच आली. बुधाजींचे मेहुणे महादेव, चिरनेरचे, घरी हजर. त्यांना मुलीच्या लग्नाला असाच बाजा हवा, झावळ्या, बुवा आणि सगळ्या पलटणीसकट. वार? येता रविवार, पुनरुत्थानाचा! मामा, मी ताडकन सांगितलं, "रविवारी सकाळी हा दयाराम देवाचा आहे, कोणाच्या लग्नाचा नाही." ते ऐकून मान डोलावून निघून गेले. तेव्हा आपल्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आज छातीवर हात ठेवून लिहितो: चुकणार नाही.

मामींना सलाम. गुडघ्याला जपावे. मोजे घालावेत.

आपला, उन्हाने काळवंडलेला पण सुधारलेला भाचा,
दयाराम

ता. क. पुनरुत्थानाच्या सणाला पनवेलला यायचं जमेल का? पाळकसाहेब त्या दिवशी अलिबागला, तेव्हा उपासना आपण चालवावी अशी मंडळीची फार इच्छा आहे. हवा पालटेल, गुडघ्याला बरं. शनिवारच्या एस. टी.ने निघावे. जमवाच. नाही म्हणू नका.

ता. क. चंद्रावतीचा सलाम. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मामा, ताडकन वगैरे काही झालं नाही, मी चहा घेऊन दारातच उभी होते. हे म्हणाले, "रविवारी आमची उपासना आहे." महादेवभाऊ म्हणाले, "मंग उरकून या." हे म्हणाले, "मोठा सण आहे." ते म्हणाले, "मंग जरा लवकर करा की." ह्यांचे डोळे पंचांगाकडे वळायला लागले, आणि मी कप आपटला. तेव्हा घाबरून ह्यांच्या तोंडून निघालं, "नगरहून माझे मामा येणार आहेत." महादेवभाऊ उठून उभेच राहिले. "मामा येतान? मंग आधी नाय का बोलाचा! मामा घरी नि तू बाहेर, लोका तोंडान शेन घालतील. आमी मंगलवारचा मुहूर्त धरतो." एवढ्यावर ते गेले.

ता. क. चंद्रावतीने पत्र परत माझ्यापुढे ठेवलं. वरचं खरं आहे. देवासाठी मागितलेला एक तास मला मिळाला नाही, आणि आपलं नाव घेताच एका मुलीचं लग्न दोन दिवस पुढे गेलं. मला ह्याची लाज वाटते, पण मंगळवारचा बाजा ठरला ह्याचा आनंदही होतो, आणि दोन्ही एकदम कसं होतं हे आपण आल्यावर समजावून सांगा. महादेवभाऊ जाताना सांगून गेले की चिरनेरची माणसं रविवारी दुपारी माझ्या मामांच्या पाया पडायला येणार आहेत. तेव्हा मामा, या. प्रभू उठला ही सुवार्ता मी त्या सकाळी सगळ्यांबरोबर गाणार आहे. आपण आला नाहीत तर "मामा येणार" हे माझं बोलणं खोटं पडेल, आणि माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं ठरेल.